उच्च रक्तदाबावर नजर ठेवताना: दवाखान्यातले, घरचे आणि चोवीस तासांचे मोजमाप

उच्च रक्तदाबाचे निदान झाले की काही महिन्यांतच माणसाजवळ आकड्यांचा गुंता जमा होतो. डॉक्टरांनी तपासले तेव्हा १५२/९४, त्याच रात्री घरच्या यंत्रावर १३४/८२, आणि दंडाला चोवीस तास यंत्र बांधून काढलेल्या अहवालात दिवसाची सरासरी १३१/८०. मग यातला खरा कोणता, हा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा तिन्ही खरे असतात. रक्तदाब उंचीसारखा एकदा मोजून लिहून ठेवता येत नाही. तो प्रत्येक ठोक्याला बदलतो, झोपेत उतरतो, पहाटे चढतो, बोलताना वाढतो आणि लघवी तुंबलेली असली तरीही वाढतो. त्यामुळे मोजण्याची प्रत्येक पद्धत रक्तदाबाचा एकेक पदर दाखवते. कोणती पद्धत काय दाखवते, ती नीट कशी वापरावी आणि एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या मापाने वाचल्यास काय घोटाळा होतो, हे पुढे क्रमाने मांडले आहे.

यंत्र नेमके काय मोजते

१८९६ मध्ये इटलीतील शिपिओने रिवा-रोची यांनी दंडाभोवती हवेचा पट्टा गुंडाळून पाऱ्याच्या स्तंभावर दाब वाचण्याची रीत मांडली. मनगटाची नाडी केव्हा परत लागते हे बोटाने पाहायचे असल्यामुळे त्या रीतीने फक्त वरचा आकडा मिळत असे. १९०५ मध्ये रशियन शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकू येणाऱ्या आवाजांचे वर्णन केले. पट्ट्यातील हवा सोडत असताना पहिला ठोका ऐकू येतो तेथे वरचा म्हणजे सिस्टॉलिक दाब, आणि आवाज नाहीसा होतो तेथे खालचा म्हणजे डायस्टॉलिक दाब. पुढे शंभर वर्षे हीच पद्धत प्रमाण मानली गेली. पारा विषारी असल्यामुळे ती उपकरणे आता मागे पडली आहेत, एकक मात्र पाऱ्याचे मिलिमीटर हेच राहिले आहे.

घरी वापरले जाणारे स्वयंचलित यंत्र आवाज ऐकत नाही. पट्टा सैल होत असताना धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यातील हवेत जी बारीक थरथर उठते, ती ते टिपते. ही थरथर सर्वांत मोठी होते तो बिंदू धमनीतील सरासरी दाबाच्या जवळ असतो. वरचा आणि खालचा आकडा यंत्र स्वतःच्या सूत्राने काढते, आणि हे सूत्र प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते. एकाच माणसावर दोन चांगली यंत्रे काही मिलिमीटरचा फरक दाखवतात याचे हे एक कारण आहे. म्हणून यंत्र घेताना पडदा किती मोठा आहे यापेक्षा त्या मॉडेलची स्वतंत्र पडताळणी झाली आहे का, हे पाहावे. या पडताळणीचे २०१८ चे आंतरराष्ट्रीय मानक किमान ८५ व्यक्तींवर तुलना करण्याची अट घालते आणि सरासरी चूक ५ मिलिमीटरपेक्षा अधिक चालवून घेत नाही. पडताळणी झालेल्या मॉडेलांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर खुली आहे. बाजारातील कित्येक यंत्रे अशा कोणत्याच यादीत नसतात, त्यामुळे खरेदीपूर्वी मॉडेलचा क्रमांक तपासण्याचे पाच मिनिटांचे कष्ट जरूर घ्यावेत.

पट्ट्याच्या मापाकडे तर त्याहून अधिक लक्ष द्यावे. खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर मोजपट्टीने मोजावा आणि पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेत तो बसतो का ते पाहावे. बरेचसे मध्यम पट्टे साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतात. जाड दंडाला तोकडा पट्टा बांधला की आकडा खोटा वर जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना अतिमोठा पट्टा लागत होता त्यांना मध्यम पट्टा बांधल्यावर वरचा आकडा सरासरी सुमारे २० मिलिमीटरने अधिक आला. एवढ्या फरकावर माणसाला एक जादा गोळी सुरू होऊ शकते. उलट, बारीक दंडाला मोठा पट्टा बांधल्यास आकडा थोडा कमी येतो.

दवाखान्यातील मोजमाप

औषधांचे बहुतेक मोठे अभ्यास दवाखान्यातील मोजमापांवर उभे आहेत, आणि रक्तदाब चढा मानण्याची १४०/९० ही परिचित रेषाही तेथलीच आहे. हे मोजमाप रीतसर करायचे तर रुग्णाला पाच मिनिटे शांत बसू द्यावे लागते, मिनिटाच्या अंतराने दोन किंवा तीन वेळा मोजावे लागते आणि पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजावे लागते. दोन दंडांत १० मिलिमीटरपेक्षा अधिक फरक सातत्याने आढळल्यास पुढची सर्व मोजमापे जास्त आकड्याच्या दंडावर करावीत. असा फरक रक्तवाहिन्यांच्या आजाराची खूणही असू शकतो, म्हणून तो डॉक्टरांच्या नजरेस आणावा.

प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. रुग्ण जिना चढून आलेला असतो, नंबर येताच घाईने खुर्चीत बसतो, बाही वर सरकवून तिचा दंडाला काच बसतो, आणि पट्टा फुगत असतानाच ‘औषधे वेळेवर घेता ना?’ असे विचारले जाते. तो उत्तर देतो, आणि त्या बोलण्यानेच आकडा वर जातो. हाताने मोजणाऱ्यांना आकडा शून्यावर आणून लिहिण्याची सवय असते, तीही मोजमाप बिघडवते: १४४ चे १४० होतात आणि १४६ चे १५०. यात कोणा एकाचा दोष काढण्यात अर्थ नाही; घाईच्या वेळात एकदाच घेतलेल्या मोजमापाची ही स्वाभाविक मर्यादा आहे.

दुसरी मर्यादा रुग्णाच्या शरीरातली आहे. काहींचा रक्तदाब दवाखान्यात पाऊल टाकताच चढतो आणि घरी पोहोचेपर्यंत उतरतो. याला पांढऱ्या कोटाचा उच्च रक्तदाब म्हणतात. याच्या उलट प्रकारही असतो. दवाखान्यात आकडा छान आणि घरी, कामावर किंवा झोपेत मात्र चढा. हा छुपा उच्च रक्तदाब होय. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तेथे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही निश्चिंत असतात आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण चालूच राहतो.

यावर एक तोडगा म्हणून काही ठिकाणी स्वयंचलित यंत्र लावून रुग्णाला खोलीत एकटे बसवतात. पाच मिनिटांनी यंत्र आपोआप काही वेळा मोजते आणि सरासरी दाखवते. असा आकडा नेहमीच्या घाईच्या मोजमापापेक्षा बहुधा खाली येतो. २०१५ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या ‘स्प्रिंट’ या अमेरिकी चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचा फायदा दिसला. त्या चाचणीत विश्रांतीनंतर स्वयंचलित यंत्राने मोजलेले आकडे वापरले होते, आणि बऱ्याच केंद्रांत मोजताना खोलीत कोणी नसे. ‘१२० च्या खाली हवा’ हे वाक्य कानावर पडले की ते १२० कोणत्या रीतीने मोजलेले होते, हेही विचारावे.

घरचे मोजमाप

माझ्या मते उच्च रक्तदाबाच्या बहुतेक रुग्णांसाठी रोजच्या उपयोगाची पद्धत हीच आहे. यात मोजमापे भरपूर मिळतात, ती ओळखीच्या वातावरणात होतात आणि औषधाचा परिणाम आठवड्याआठवड्याला पाहता येतो. जपानमधील ओहासामा येथे वर्षानुवर्षे चाललेल्या पाहणीत घरी मोजलेला रक्तदाब पुढील धोक्याचा अंदाज तपासणीच्या वेळी मोजलेल्या रक्तदाबापेक्षा चांगला देतो असे दिसले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ज्यांच्या औषधांत घरच्या नोंदी पाहून बदल केले गेले, त्यांचा वरचा रक्तदाब वर्षअखेर इतरांपेक्षा सुमारे ३.५ मिलिमीटरने कमी होता. नोंदी डॉक्टरांपर्यंत पोहोचल्या आणि त्यावर निर्णय झाला म्हणून हा फायदा मिळाला. नोंदवही कपाटात ठेवून तो मिळत नाही.

मोजण्याची तयारी अर्धा तास आधीपासून सुरू होते. या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट आणि व्यायाम टाळावा. लघवी करून यावे. पाठीला टेकण असलेल्या खुर्चीत बसावे, दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवावीत, पायावर पाय टाकू नये. पलंगाच्या कडेवर किंवा मांडी घालून बसून मोजलेला आकडा तुलनेला उपयोगी पडत नाही. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या लवणीपासून साधारण दोन बोटे वर बांधावा. नळी किंवा पट्ट्यावरील खूण दंडाच्या आतल्या बाजूला, धमनीच्या रेषेत यावी. पट्ट्याखाली दोन बोटे सरकतील इतपतच तो घट्ट असावा. मग पाच मिनिटे मोबाइल, दूरदर्शन आणि गप्पा बाजूला ठेवून नुसते बसावे. ही पाच मिनिटे सर्वाधिक लोक गाळतात, आणि पहिला आकडा चढा येण्याचे तेच मोठे कारण असते.

हाताच्या उंचीबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे भौतिकशास्त्र कोणाचीच गय करत नाही. पट्ट्याचा मध्य हृदयाच्या पातळीवर, म्हणजे छातीच्या हाडाच्या मध्याच्या उंचीवर असावा. हात त्याच्या १० सेंटिमीटर खाली असेल तर रक्ताच्या स्तंभाच्या वजनाने आकडा सात-आठ मिलिमीटरने वाढतो, आणि तेवढाच वर असेल तर तेवढाच घटतो. हात मांडीवर ठेवणे किंवा बाजूला लोंबता सोडणे या दोन सवयी सर्रास दिसतात आणि दोन्ही आकडा फुगवतात. टेबल बुटके असेल तर हाताखाली उशी किंवा दोन जाड पुस्तके ठेवावीत. हात स्नायूंच्या जोरावर अधांतरी धरू नये. तो पूर्ण टेकलेला आणि तळवा सैल असावा.

वेळापत्रक साधे आहे. डॉक्टरांकडे जाण्याच्या आधीचे सात दिवस, रोज सकाळी दोनदा आणि रात्री दोनदा मोजावे, दोन मोजमापांत एक मिनिट जाऊ द्यावे. सकाळचे मोजमाप उठल्यानंतर तासाभरात, गोळी आणि न्याहारीच्या आधी करावे, रात्रीचे झोपण्यापूर्वी. पहिल्या दिवसाचे आकडे यंत्राच्या नवेपणामुळे चढे येतात, म्हणून ते सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढावी. सात दिवस जमले नाहीत तर किमान तीन तरी पूर्ण करावेत.

नोंदवहीचे एक पान डोळ्यांपुढे आणू. सकाळी ६.४० वाजता १४६/८८, मिनिटाने १३८/८६. रात्री ९.१५ वाजता १३४/८२, मिनिटाने १३०/८०. घाबरणारा माणूस १४६ वर बोट ठेवतो, बिनधास्त माणूस १३०/८० लक्षात ठेवतो, आणि डॉक्टरांना फोनवर दोघेही आपापला आवडता आकडा सांगतात. चारही नोंदींची सरासरी येते १३७/८४. आणखी एक गोष्ट पानावर दिसते: सकाळची सरासरी १४२/८७, रात्रीची १३२/८१, म्हणजे वरच्या आकड्यात १० चा फरक. असा फरक रोज येत असेल तर गोळीचा परिणाम पुढच्या गोळीपर्यंत पुरत नाही, अशी शंका घेता येते, आणि मग वेळ बदलायची की औषध, हे डॉक्टर ठरवू शकतात. एकट्या सरासरीत ही गोष्ट बुडून जाते. म्हणून वेळेसह चारही आकडे लिहावेत, शक्य तर नाडीचे ठोकेही.

नोंदी गाळू नयेत, सुधारूही नयेत. यंत्राच्या स्मृतीतील आकडे आणि वहीतील आकडे ताडून पाहिल्यावर त्यांत तफावत आढळल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. वाईट आकडा ‘चुकून आला’ म्हणून लोक लिहीत नाहीत. ज्या यंत्रात स्मृती आहे तेच घ्यावे, आणि एका यंत्रावर घरातील दोघे मोजत असतील तर दोघांच्या नोंदी वेगळ्या राहतील याची व्यवस्था करावी.

घरच्या मोजमापाचा एक दोष मान्य केला पाहिजे. काही माणसे दिवसातून दहा-बारा वेळा मोजतात. एक आकडा चढा आला की धसका घेतात, धसक्याने पुढचा आणखी चढतो, आणि शेवटी रात्री अकराला कोणालातरी उठवतात. अशांनी मोजमाप ठरलेल्या वेळापुरतेच करावे, आणि तेवढ्यानेही जीव टांगणीला लागत असेल तर डॉक्टरांशी बोलून दुसरी पद्धत निवडावी. स्वतःच्या मोजमापावरून गोळी वाढवणे, कमी करणे किंवा बंद करणे हे मात्र कोणीही परस्पर करू नये.

चोवीस तासांचे मोजमाप

यात पट्टा दंडावर आणि छोटे यंत्र कमरेला बांधून माणसाला घरी पाठवतात. यंत्र दिवसा साधारण दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री दर ३० ते ६० मिनिटांनी आपोआप फुगते. दुसऱ्या दिवशी यंत्र परत दिले की दिवसाची, रात्रीची आणि पूर्ण चोवीस तासांची सरासरी हाती येते. झोपेतला आणि कामाच्या धबडग्यातला रक्तदाब एकाच वेळी टिपणारी ही सर्वांत रुळलेली पद्धत आहे, आणि शंका मिटवायची असते तेव्हा बहुतेक मार्गदर्शक तत्त्वे हिच्याकडे बोट दाखवतात.

चाचणीचा दिवस निवडताना नेहमीच्या कामाचा दिवस निवडावा. रजा घेऊन पडून राहिल्यास चाचणीचा हेतूच निम्मा हरवतो. सैल बाहीचा कपडा घालावा. पट्टा बहुधा कमी वापरातल्या हाताला बांधतात. यंत्र भिजू नये म्हणून अंघोळ आधी उरकावी. मोटारीची घरघर सुरू झाली की चालणे थांबवावे, बोलणे थांबवावे, हात सरळ आणि सैल सोडून आवाज थांबेपर्यंत स्थिर राहावे. हात हलला की यंत्र मोजमाप टाकून देते आणि थोड्या वेळाने पुन्हा फुगते, त्यामुळे चुळबूळ करणाऱ्याचा दंड उगाच दुप्पट आवळला जातो. जवळ कागद ठेवून गोळ्या केव्हा घेतल्या, केव्हा झोपलो, केव्हा उठलो, दुपारी डुलकी काढली का, भांडण किंवा धावपळ झाली का, हे लिहावे. झोपेची वेळ खरी लिहिणे फार महत्त्वाचे आहे, कारण रात्रीची सरासरी तिच्यावरूनच काढतात. बारापर्यंत जागे राहून कागदावर दहा लिहिले तर जागेपणाचे दोन तास रात्रीत मिसळतात. अहवाल ग्राह्य धरायचा तर साधारण ७० टक्के मोजमापे यशस्वी झालेली असावी लागतात.

अहवालात सर्वप्रथम रात्रीची घसरण पाहावी. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसाच्या तुलनेत १० ते २० टक्क्यांनी उतरतो. समजा दिवसाची सरासरी १३१/८० आणि रात्रीची १२७/७६ आली. दिवसाचा आकडा पाहून समाधान वाटेल, पण वरचा रक्तदाब रात्री जेमतेम ३ टक्के उतरला आहे आणि रात्रीची १२०/७० ही रेषा त्याने ओलांडली आहे. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा घोरताना श्वास अडकण्याचा विकार असलेल्यांत अशी न उतरणारी रात्र पुष्कळदा दिसते. घरी सकाळ-संध्याकाळ कितीही काटेकोर मोजले तरी ही गोष्ट कळत नाही. रात्री मोजणारी घरगुती यंत्रे आता मिळतात, परंतु ती अजून सर्रास वापरात नाहीत.

त्रासाच्या बाबतीत ही पद्धत मागे पडते. पट्ट्याने झोपमोड होते, आणि झोपच नीट लागली नाही तर रात्रीचा आकडाही फुगू शकतो. ही चाचणी दर महिन्याला करण्याजोगी नाही, सर्वत्र उपलब्धही नसते. पट्टा असह्य दुखू लागला, हात सुजला किंवा बधिर झाला तर तो काढून ठेवावा आणि तसे कळवावे.

एकच आकडा, वेगवेगळी माप

वरच्या नोंदवहीतील १३७/८४ हा आकडा पुन्हा घेऊ. दवाखान्यात हा आकडा आला असता तर युरोपीय मापाने १४०/९० च्या आत आहे असे म्हटले गेले असते. घरच्या सरासरीसाठी मात्र रेषा १३५/८५ ची आहे, आणि वरचा आकडा तिच्या पुढे गेला आहे. वरचा किंवा खालचा यांपैकी एकही रेषेबाहेर असला तरी रक्तदाब चढाच मानतात. चोवीस तासांच्या चाचणीत रेषा पुन्हा बदलतात: दिवसासाठी १३५/८५, रात्रीसाठी १२०/७०, पूर्ण चोवीस तासांसाठी १३०/८०. ‘घरी १३८ येतो, म्हणजे १४० च्या आतच आहे’ हे समाधान यामुळेच फसवे आहे.

अमेरिकेतील २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दवाखान्यातील रेषा १३०/८० वर आणली. त्या हिशेबात घरची आणि दिवसाची रेषाही १३०/८०, रात्रीची ११०/६५ आणि चोवीस तासांची १२५/७५ आहे. कोणत्या मापाने चालायचे आणि स्वतःसाठी लक्ष्य काय, हे वय, मधुमेह, मूत्रपिंडे आणि चक्कर येण्याची प्रवृत्ती पाहून डॉक्टर ठरवतात. रुग्णाने एवढेच पाहावे की लक्ष्य विचारताना ‘हे घरच्या मोजमापासाठी की येथल्या?’ हा प्रश्न सोबत विचारला गेला आहे.

मनगटी यंत्रे, घड्याळे आणि दुकानातील यंत्रे

मनगटावरील यंत्र सोयीचे असले तरी मनगट हृदयाच्या पातळीवर नेमके धरावे लागते, आणि तेच बहुतेकांना साधत नाही. दंड इतका जाड किंवा निमुळता असेल की कोणताही पट्टा बसत नाही, तेव्हाच त्याचा विचार करावा, तोही पडताळणी झालेल्या मॉडेलचा. बोटावर लावायची यंत्रे या कामासाठी घेऊ नयेत. पट्ट्याशिवाय प्रकाशाच्या साहाय्याने नाडीची लहर टिपून रक्तदाब सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या आकर्षक आहेत. त्यांतील बऱ्याच साधनांना अधूनमधून पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते, आणि निदानासाठी किंवा औषध ठरवण्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये असाच तज्ज्ञ संस्थांचा सध्याचा सल्ला आहे. औषधांच्या दुकानांत किंवा सार्वजनिक जागी ठेवलेले यंत्र, ज्यात हात घालून बसायचे असते, ते चाळणीपुरते ठीक. त्याचा पट्टा सर्वांना सारखाच असतो.

कोणती पद्धत केव्हा

निदान पक्के करायचे असेल, दवाखान्यातील आणि घरचे आकडे एकमेकांशी जुळत नसतील, तीन औषधांनंतरही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, किंवा रात्रीच्या रक्तदाबाची शंका असेल, तर चोवीस तासांची चाचणी मागावी. ती उपलब्ध नसेल तर सात दिवसांची रीतसर घरची नोंद बऱ्याच अंशी तिची जागा भरून काढते. औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांनी घरचा सात दिवसांचा क्रम पाळावा. रक्तदाब स्थिरावल्यावर आठवड्यातून एक-दोनदा, आणि प्रत्येक भेटीच्या आधी पुन्हा सात दिवस, एवढे पुरते. दवाखान्यातील मोजमाप तरीही सोडू नये. दोन्ही दंडांची तुलना, उभे राहिल्यावरचा रक्तदाब आणि नाडीची लय तेथेच नीट पाहिली जाते.

नाडीची लय हा स्वतंत्र विषय आहे. ठोके अनियमित पडत असतील, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा विकार) असेल, तर प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा असतो आणि स्वयंचलित यंत्र गोंधळते. अशांनी एका बैठकीत तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी आणि अधूनमधून स्टेथोस्कोपने मोजून घ्यावे. गर्भवतींसाठी यंत्राची वेगळी पडताळणी लागते. यादीत तसा उल्लेख असतो. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेल्या हातावर पट्टा बांधू नये. काखेतील गाठी काढलेल्या बाजूचा हात वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. वयस्कर किंवा चक्कर येणाऱ्या माणसाने बसून मोजल्यावर उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे, शेजारी कोणीतरी असताना. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर ते पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवावे.

भेटीला जाताना वर्षातून एकदा तरी घरचे यंत्र पट्ट्यासह सोबत न्यावे आणि तेथल्या यंत्राशी आलटूनपालटून, त्याच दंडावर मोजून ताडून पाहावे. ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक चालण्याजोगा आहे, त्याहून अधिक असेल तर पुन्हा मोजून खात्री करावी, आणि १० च्या पुढे सातत्याने जात असेल तर यंत्र बदलावे. पुष्कळदा यंत्र ठीक असते आणि पट्टा तेवढा झिजलेला किंवा नळीला चीर गेलेली असते.

घरी एखाद्या वेळी आकडा १८०/१२० किंवा त्याहून वर आला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. तोच आकडा कायम असेल आणि दुसरा काही त्रास नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. जादा गोळी स्वतःहून घेऊ नये. छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, अचानक अंधुक दिसणे किंवा असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही सोबत असेल, तर पुन्हा मोजत बसू नये. रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे.